चार नळ्यांच्या आधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परदेशी कमांडोंच्या हेल्मेटवरच्या चार नळ्यांच्या नाइट व्हिजनबद्दल, म्हणजे अंधारात पाहण्याच्या चष्म्याबद्दल, विचारलंस. दोन नळ्यांतून साधारण ४० अंशांचं दृश्य दिसतं, चार नळ्यांनी ते ९७ अंशांपर्यंत जातं; एवढाच फरक. तेव्हा आधी एक नळी समजून घे.

समोरच्या भिंगातून आलेला अंधूक प्रकाश फोटोकॅथोड या प्रकाशसंवेदी थरावर पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून जाताना ते हजारो पटींनी वाढतात आणि फॉस्फरच्या चमकणाऱ्या पडद्यावर आदळून चित्र उमटवतात. म्हणजे असलेलाच प्रकाश वाढतो. अमावस्येला दाट झाडीत चित्र खसखस सांडल्यासारखं होतं. मग नुसत्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा लावावा लागतो, आणि तो शत्रूच्या नाइट व्हिजनमध्ये लख्ख दिसतो. ‘टॅक्टिकल’ म्हणून विकले जाणारे स्वस्त डिजिटल चष्मे बहुधा याच दिव्याच्या जिवावर चालतात. त्यात पैसे घालू नकोस.

नवख्यांची गडबड होते ती फोकसमध्ये. डोळ्याकडचं भिंग तुझ्या नजरेसाठी: पडद्यावरचे कण ठळक दिसेपर्यंत फिरवायचं, मग हात लावायचा नाही. समोरचं भिंग अंतरासाठी. ते लांबवर लावलं की पायाजवळचा दगड धूसर होतो, म्हणून पाऊल जरा उंच उचलून टाकतात किंवा चष्म्याखालून पाहतात. एकाच नळीतून पाहताना अंतराचा अंदाजही जातो. शिवाय सगळं वजन कपाळापुढे असतं. हेल्मेटच्या मागे बॅटरीचा डबा किंवा वजन नसेल तर हेल्मेट पुढे घसरतं आणि मान धरते.

थर्मल कॅमेरा वेगळा: तो उष्णता पाहतो आणि काच ती अडवते, त्यामुळे खिडकीच्या काचेपलीकडचा माणूस त्याला दिसत नाही. आसपासचं तापमान अंगाच्या जवळपास आलं तर माणूस पार्श्वभूमीत मिसळूनही जातो.

तू खडकवासल्याच्या एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करतोयस, तर आत्ता सराव उपकरणांविना कर. कात्रज ते सिंहगड रात्री चाल, अनुभवी सोबती घेऊन. परवानगीची चौकशी आधी कर. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलकडे एक नजर टाकली की तो वाया जातो. पुण्याच्या दिव्यांकडे पाहावंच लागलं तर एक डोळा मीट. अंधारातली वस्तू थेट न पाहता किंचित बाजूला पाहिलीस तर जास्त स्पष्ट दिसते. नकाशासाठी लाल दिवा वापरशील, पण तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) त्यात पुसट होतात. त्या घरीच गडद करून ठेव. होकायंत्र मोबाइलपासून आणि चाकूपासून लांब धर. किती अंतर चाललास ते कळावं म्हणून सपाट जागेवर १०० मीटरला डावं पाऊल किती वेळा पडतं ते मोजून ठेव, मग चढावर वेगळं मोज. हा आकडा वाढतो, आणि किती वाढतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक असायला हवं.