टायट्रेशनमध्ये गुलाबी रंग येतो आणि जातो, मग रीडिंग कोणतं धरायचं?

तुमची मुलगी अकरावी सायन्सला, वाशीच्या कॉलेजात. टायट्रेशन म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून क्रिया पूर्ण व्हायला ते किती मिली लागलं ते मोजणं. ऑक्झॅलिक आम्ल आणि कॉस्टिक सोड्याच्या टायट्रेशनमध्ये गुलाबी आला की मिनिटभरात उडतो. सर म्हणतात रंग कायमचा यायला हवा आणि आकडा १०.० मिली यायला हवा. रीडिंग कोणतं धरायचं आणि घरी सराव करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

रीडिंग पहिलंच धरायचं. चंबू फिरवूनही फिकट गुलाबी छटा तीस सेकंद टिकली की ब्युरेट (सोडा थेंबाथेंबाने सोडायची खुणांची नळी) बंद आणि आकडा वहीत. नंतर रंग गेला तर जाऊ दे. कायमचा गुलाबी हवा, असं मुलांना सांगणं चूक आहे.

रंग उडतो तो हवेमुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल होतं. नुसतं डिस्टिल्ड पाणी उघडं राहिलं तरी त्याचा पीएच (आम्लतेचा आकडा: ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) ५.६ च्या आसपास उतरतो. अंत्यबिंदूला, म्हणजे रंग बदलतो त्या क्षणी, चंबूत जास्तीचा अल्क (कॉस्टिक सोडा) असतो जेमतेम एका थेंबाचा, म्हणजे ०.०५ मिली. हवा तो बघता बघता खाऊन टाकते आणि फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कात गुलाबी होणारा दर्शक, पुन्हा बिनरंगी होतं. आम्ल केव्हाच संपलेलं असतं, पुढचे थेंब खोलीतल्या हवेसाठी पडतात. पाच मिनिटं रंगामागे लागलं तर चार थेंब जास्त जातात. ०.२ मिली, म्हणजे १० मिलीला दोन टक्के.

मात्र रंग किती वेळात जातो ते घड्याळावर बघायला सांगा. चंबू फिरवताक्षणी गेला तर आम्ल शिल्लक आहे, पुढचा थेंब टाकायचा. दहा-पंधरा सेकंद टिकून ओसरला, पुन्हा थेंब टाकला आणि पुन्हा तसंच झालं, तर बहुधा सोड्याचं द्रावण जुनं आहे. त्यात कार्बोनेट झालेलं असतं. ते आम्लात पडलं की कार्बन डायऑक्साइड चंबूतच तयार होतो, आणि अल्काशी त्याची क्रिया सावकाश होते, म्हणून रंग आधी येतो आणि मग जातो. याचा उपाय मुलीच्या हातात नाही, लॅबच्या हातात आहे: उकळून गार केलेलं पाणी, ताजं द्रावण आणि बाटलीला घट्ट रबरी बूच. काचेचं बूच कॉस्टिकने चिकटून बसतं, मग बाटली फोडावी लागते.

आता त्या १०.० चं. या आकड्यावरून माझा जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ठाण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजची लॅब, जुलै महिना. कॉस्टिक सोड्याच्या डब्याचं झाकण आदल्या बॅचपासून अर्धवट लागलेलं. गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, वर ओलसर चकाकी. त्यातून ४ ग्रॅम तोलून लिटरभर द्रावण झालं आणि बाटलीवर चिठ्ठी लागली, ०.१ मोलर (मोलर म्हणजे लिटरमागे किती मोल, तीव्रतेचं माप). मुलांनी पिपेटने (नेमकं माप उचलायच्या काचेच्या नळीने) १० मिली ऑक्झॅलिक घेतलं, ०.०५ मोलर. त्याच्या एका रेणूला सोड्याचे दोन लागतात, म्हणजे हिशोबाने ब्युरेटमधून १० मिली जायला हवं. रीडिंगं आली १०.९, १०.८, १०.९. जवळजवळ प्रत्येक टेबलावर तेच. फळ्यावर मात्र १०.० लिहिलं गेलं. ज्यांनी ते उतरवून घेतलं त्यांना पूर्ण मार्क मिळाले. ज्यांनी जर्नलमध्ये १०.९ लिहिलं त्यांचे कापले गेले, वर शेरा की हात स्थिर नाही.

वीस मुलांचे हात एकाच दिशेला, एकाच मापाने हलत नाहीत. चूक हाताची असती तर कोणाचं ९.७ आलं असतं, कोणाचं १०.४. सगळ्यांचं सारखंच वर गेलं म्हणजे द्रावण पातळ. ०.०५ गुणिले २ गुणिले १०, भागिले १०.९, येतं ०.०९२ मोलर. चार ग्रॅम म्हणून तोललेल्यात कामाचा सोडा होता ३.६७ ग्रॅम. बाकी सगळं पावसाळी हवेतलं पाणी आणि थोडं कार्बोनेट. ज्यांचे मार्क कापले त्यांचंच रीडिंग बरोबर होतं, आणि ते त्यांना कोणी सांगितलं नाही याचा मला आजही राग आहे.

पडताळणी अगदी सोपी आहे. ताज्या डब्यातल्या चार-पाच गोळ्या वॉच ग्लासवर घ्या आणि डिजिटल तराजूवर ठेवून द्या. पावसाळ्यात शेवटचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. म्हणून कॉस्टिक सोडा तोलून नेमकं द्रावण करता येत नाही, मग तोलणारा कितीही अनुभवी असो. अंदाजे तोलायचा, विरघळताना पाणी तापतं ते गार झाल्यावरच खुणेपर्यंत भरायचं, आणि खरी तीव्रता ऑक्झॅलिकवरून काढायची. ऑक्झॅलिकचे स्फटिक हवेतलं पाणी ओढत नाहीत. १.५७६ ग्रॅम घेऊन २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरलं की ०.०५ मोलर झालं. माहीत असलेल्यावरून माहीत नसलेलं काढायचं, एवढ्यासाठीच हा प्रयोग अभ्यासक्रमात आहे. उत्तर आधीच फळ्यावर लिहिलं तर मुलांनी काढायचं काय?

हीच मुलं उद्या रबाळे-महापेच्या कारखान्यांत लॅबमध्ये उभी राहतात. बाहेर सोडायच्या सांडपाण्याचा पीएच ५.५ ते ९ मध्ये असावा लागतो. तिथे आलेला आकडा सोडून 'यायला हवा' तो लिहायची सवय त्यांना आपणच अकरावीत लावतो.

त्याच वादात आणखी एक मुद्दा पुढे आला होता, तो तुमच्या मुलीच्याही कानावर येईल. उदासीन म्हणजे पीएच ७, फिनॉल्फ्थॅलीन रंगतं ८.२ च्या पुढे, म्हणजे आपण ओलांडून गेलो, तेव्हा एक थेंब वजा करा. करू नका. उदासिनीकरण पूर्ण होणं वेगळं आणि द्रावण उदासीन असणं वेगळं. ऑक्झॅलिकचा दुसरा हायड्रोजन दुर्बल आम्लाचा, त्यामुळे तयार होणारं सोडियम ऑक्झॅलेट पाण्यात स्वतःच किंचित अल्कधर्मी असतं. या प्रयोगातल्या तीव्रतेला क्रिया नेमकी पूर्ण होते तेव्हा पीएच साधारण ८.३ असतो, आणि फिनॉल्फ्थॅलीन रंगायला लागतं तेही तिथेच. दर्शक त्यासाठीच निवडलाय. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये बदलतं, ते इथे फार आधी आणि रेंगाळत रंग बदलेल. ऑक्झॅलिकच्या जागी हायड्रोक्लोरिक असतं तर शेवटच्या दोन थेंबांत पीएच ४ च्या खालून १० च्या वर उडी मारतो, तिथे कुठलाही चालला असता.

हे सगळं बॅचभर सारखं रीडिंग येत असेल तर. एकट्या तुमच्या मुलीचंच वेगळं येत असेल तर चूक तिच्या टेबलावर शोधा. ब्युरेट भरून झाल्यावर वरचं नरसाळं काढलं का? त्यातून थेंब गळत राहतात. तोटीच्या टोकात हवेचा बुडबुडा होता का? तो मधेच निघाला की रीडिंग फुकट वाढतं. ब्युरेट आणि पिपेट ज्या त्या द्रावणाने खंगाळायची, चंबू मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्याने. चंबू ऑक्झॅलिकने खंगाळणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक. पिपेटच्या टोकाला उरलेला थेंब फुंकून पाडायचा नाही, टोक चंबूच्या काचेला टेकवायचं आणि पुरे. दर्शकाचे दोनच थेंब, कारण फिनॉल्फ्थॅलीन स्वतः दुर्बल आम्ल आहे. चंबूखाली पांढरी फरशी, नाहीतर फिकट छटा दिसत नाही आणि मुलं गडद गुलाबीपर्यंत जातात. आणि पिपेट तोंडाने ओढायची नाही. ऑक्झॅलिक विषारी आहे, रबरी बल्ब मागून घ्या, दिला नाही तर पुन्हा मागा.

मार्क शेवटी सरांच्या हातात आहेत हे मला कळतं. मुलीला एवढंच करायला सांगा: जर्नलमध्ये आलेलं रीडिंग लिहायचं, त्याखाली त्यावरून काढलेली सोड्याची तीव्रता लिहायची, आणि द्रावण कोणत्या तारखेला केलं ते नम्रपणे विचारून तेही लिहायचं.

घरच्या सरावाचं: कॉस्टिक सोडा घरी आणू नका. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. हाताचा सराव नुसत्या पाण्याने होतो. लॅबचं सामान मिळतं तिथून ५० मिलीची ब्युरेट आणि स्टँड घ्या, डोळा पाण्याच्या पातळीवर आणून खालच्या वळणावर वाचायचं आणि एकेक थेंब सोडायचा. वीस थेंबांना साधारण १.० मिली उतरतं. डाव्या हाताने तोटी आणि उजव्या हाताने चंबू फिरवत, हवा तेव्हा एकाच थेंबावर थांबता येईपर्यंत करू दे.