जुनी गाडी, जोरात हात: क्लच आणि गिअरच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर लिहिलं आणि त्यानंतर जे मेसेज आले त्यात बहुतेक सगळे क्लचचे नाहीतर गिअरचे, म्हणून ह्या वेळचं सदर त्यालाच दिलंय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांचं उत्तर इथे नसेल त्यांनी गाडीचं मॉडेल आणि साल लिहून परत पाठवा, नुसतं "गाडी ओढत नाही" एवढ्यावरून काही सांगता येत नाही.

माझ्याकडे १९९४ ची यामाहाची आरएक्स १०० आहे, काकांची होती. आम्ही मित्र महेश्वरला जातो आणि येताना जामघाट चढताना गाडी नुसती ओरडते, पुढे जात नाही, थर्ड-फोर्थमध्ये जास्त. एका वर्षात दोनदा क्लच प्लेटा बदलल्या. मिस्त्री म्हणतो जोरात चालवतोस म्हणून जळतात. दादा, खरंच असं असतं का?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

अरे, गाडी जोरात चालवणं वेगळं आणि क्लच घसरत ठेवणं वेगळं. लिव्हर पूर्ण सोडलेला आहे, प्लेटा एकमेकींना घट्ट धरून बसल्यात, तेव्हा तू कितीही रेस दे, प्लेटा सगळ्या एकत्रच फिरतात, घासतच नाहीत, मग गरम कशाने होणार? गरम होतात ते अर्धवट सोडलेल्या लिव्हरवर. आता हिशोब बघ, आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ८ किलोवॅट. हाफ क्लचवर त्यातली निम्मी जरी घासण्यात गेली तरी ४ किलोवॅट झाली, म्हणजे बाथरूमचे दोन गिझर एकदम चालू, आणि ती सगळी उष्णता त्या तळहाताएवढ्या प्लेटांच्या गठ्ठ्यात. दोन-तीन सेकंदांचं ठीक आहे, ऑईल ते ओढून घेतं. पण घाटात प्रत्येक वळणावर हेच केलं तर वर जामगेटला पोचेपर्यंत प्लेटांचं काय होत असेल ते तूच बघ.

आणि तू नक्की हेच करतोयस असं मला वाटतं. वळण आलं, गाडी थर्डमध्ये हळू झाली, सेकंड टाकायचा कंटाळा, मग दोन बोटांनी क्लच थोडा दाबून रेस वाढवायची आणि ओढून न्यायचं. टू-स्ट्रोकवाल्या सगळ्यांची ही सवय, कारण खालच्या आरपीएमला गाडीत दम नसतो आणि पॉवरबँडमध्ये, म्हणजे ज्या आरपीएमला इंजिनचा खरा जोर येतो तिथे, आणायला हा शॉर्टकट सोपा वाटतो. वळणाच्या आधीच सेकंड टाक, लिव्हर पूर्ण सोड, आणि मग पाहिजे तेवढी रेस दे. जोरातच चालव, माझी काही हरकत नाही, पण क्लच एकतर पूर्ण दाबलेला नाहीतर पूर्ण सुटलेला, मधे कमीत कमी वेळ.

पण वर्षात दोनदा प्लेटा गेल्या म्हणजे नुसत्या सवयीने नाही, आत अजून काहीतरी आहे. तिसरा सेट घेण्याआधी हे बघून घे. सगळ्यात आधी क्लच वायर. लिव्हरच्या मुळाशी २-३ मिलिमीटर ढिलाई पाहिजे, आणि ती इंजिन गरम असताना बघ, शिवाय हँडल डावीकडे उजवीकडे पूर्ण वळवून बघ. पुष्कळ गाड्यांत वायर चुकीच्या बाजूने ओवलेली असते आणि हँडल वळवलं की ती ताणली जाते, म्हणजे वळणावर तू न दाबताच क्लच थोडा दाबलेला राहतो. घाटात तर सगळी वळणंच.

दुसरं, गिअरबॉक्समध्ये ऑईल कुठलं आहे? टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळतं ते टूटी ऑईल वेगळं आणि गिअर-क्लचचं वेगळं, आणि ह्या दुसऱ्याकडे कोणी लक्षच देत नाही, कारच्या सर्व्हिसिंगमधलं उरलेलं अर्धा लिटर होतं ते टाकलं, असं चालतं. कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, कारचा क्लच कोरडा असतो म्हणून त्याला त्याने फरक पडत नाही, पण आपला क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि त्याला तर घर्षणच हवंय. डब्यावर जासो (ऑईलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघ. एमबी असेल तर ते गिअरलेस स्कूटरसाठी, आपल्या कामाचं नाही. आणि एकदा चुकीचं ऑईल प्लेटांत मुरलं की नुसतं ऑईल बदलून कधी कधी भागत नाही, प्लेटा पण बदलाव्या लागतात, म्हणून आधी ऑईल नीट कर आणि मग प्लेटा टाक, उलटं केलंस तर नव्या प्लेटाही वाया.

तिसरं म्हणजे मिस्त्रीने नक्की काय बदललं ते विचार. बहुतेक वेळा फक्त घर्षणाच्या प्लेटा बदलतात आणि मधल्या स्टीलच्या प्लेटा पुसून परत बसवतात. त्या स्टील प्लेटा हातात घेऊन उन्हात बघ. चांगली प्लेट राखाडी असते आणि तिच्यावर बारीक खरखर असते. जळलेलीवर निळे-जांभळे डाग दिसतात, कुठे कुठे तर मोराच्या मानेचा रंग, आणि बोट फिरवलं तर गुळगुळीत काचेसारखी लागते. घरातल्या आरशावर ती आडवी ठेव आणि कडेने फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघ, बऱ्याच गाड्यांत ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेली प्लेट फेकायची असते, तुझ्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. वाकड्या स्टीलवर नवी प्लेट फक्त काही ठिकाणीच टेकते, तेवढाच भाग सगळा भार घेतो आणि जळतो. माझा अंदाज आहे की तुझ्या दुसऱ्या सेटचं हेच झालं असणार. स्प्रिंगाही मोज, उष्णतेने त्या बसतात, आणि बदलायच्या तर सगळ्या एकदम, एखादी नवी आणि बाकीच्या जुन्या असं नको.

उघडलंच आहे तर क्लचच्या डब्याची, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटची, बोटं पण बघून घे, जिथे प्लेटांचे कान टेकतात तिथे खाचा पडतात. खाचांनी क्लच घसरत नाही पण अडकतो, झटके देतो. हलक्या असतील तर सपाट कानशीने घासून चालतं, खोल असतील तर डबाच बदल.

वडिलांची येझदी कित्येक वर्षं अंगणात उभी होती, आता ती मी चालू केलीय. स्टार्ट छान होते, पण क्लच दाबून पहिला गिअर टाकला की गाडी उडी मारून बंद पडते. क्लच पूर्ण दाबलेला असतो. खोलावं लागेल का?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

ताई, आधी अभिनंदन, बाबांची गाडी भंगारात न देता चालू केलीत ह्याचं फार बरं वाटलं. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद झाला, त्यामुळे जी जुनी येझदी आज चालतेय ती कोणीतरी जपली म्हणूनच चालतेय.

बहुतेक खोलावं लागणार नाही. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की प्लेटांमधलं ऑईल निथळून जातं नाहीतर चिकट होतं आणि प्लेटा एकमेकींना चिकटून बसतात, लिव्हर दाबला तरी सुटत नाहीत. आधी जुनं ऑईल काढून नवं भरा, येझदीत गिअर, क्लच आणि प्रायमरी चेन (इंजिनपासून क्लचपर्यंतची साखळी) सगळं एकाच ऑईलमध्ये चालतं. मग गाडी न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं चालू ठेवून चांगली गरम करा, बंद करा, टॉप गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि गाडी पुढे-मागे जोरात ढकला, कोणाची तरी मदत घ्या. पाच-सात झटक्यांत प्लेटा "टक्" करून सुटतात, चाक मोकळं फिरायला लागतं. हे अंगणातच करा, गल्लीत गाड्यांच्या मधे गाडी चालू ठेवून नको.

ह्याने नाही सुटल्या तर मग साईड कव्हर उघडायचं. अजून एक, जुन्या जावा-येझदीत गिअरचा पेडल दाबला की आतून क्लच आपोआप थोडा उचलला जातो, म्हणून पेडल दाबताना हातातला लिव्हर ढिला लागला तर घाबरू नका, ते तसंच असतं. पण त्याचं ॲडजस्टमेंट फार घट्ट झालं तर क्लच कायमच अर्धा दाबलेला राहतो आणि घसरतो. हे ॲडजस्टमेंट येझदी माहीत असलेल्या जुन्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, इंदूरात असे लोक अजून आहेत, जरा विचारावं लागतं.

पल्सर १८०, २००२ ची. मी क्लच न दाबता गिअर टाकतो, मित्र म्हणतात रेसवाले असंच करतात. आता सेकंड गिअर रेस दिली की आपोआप सुटतो. काय झालं असेल?
– एक वाचक, विजय नगर, इंदूर

सेकंड गेलाय. कसा गेला ते समजून घे म्हणजे पुढचा गिअर तरी शाबूत राहील.

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच फिरत असतात, आपण गिअर टाकतो तेव्हा एक गिअर शाफ्टवर सरकतो आणि त्याच्या बाजूचे चौकोनी खुंट शेजारच्या गिअरच्या खाचेत बसतात. मिस्त्री ह्यांना डॉग म्हणतात. सरकवण्याचं काम शिफ्ट फोर्क करतो. वर जाताना रेस क्षणभर बंद केली, डॉगवरचा दाब गेला आणि त्याच क्षणी पाय उचलला तर क्लचशिवायही गिअर गोडीत पडतो, रेसवाल्यांचं बरोबर आहे. पण ते प्रत्येक वेळी तो क्षण पकडतात, आणि त्यांचं इंजिन काही शर्यतींनंतर खोललं जातं. आपण ट्रॅफिकमध्ये, घाईत, कधी रेस चालू असतानाच पाय मारतो आणि खाली येतानाही तेच करतो, तेव्हा डॉगची कड खाचेच्या कडेवर आपटते. रोज थोडी थोडी कड गोल होते. कड गोल झाली की भार आल्यावर डॉग खाचेत टिकत नाही, बाहेर ढकलला जातो. रेस दिली की गिअर सुटतो तो ह्यामुळे. सेकंडच आधी जातो ह्याचं कारण पहिला आणि दुसरा ह्यांच्या मधे न्यूट्रल असतो, अर्धवट पाय मारला की डॉग पूर्ण बसतच नाही, नुसता काठावर टेकतो.

आता इंजिन खोलावंच लागेल. सेकंडचा एकच गिअर बदलू नकोस, ज्याच्यात तो अडकतो ती जोडी बदल, आणि शिफ्ट फोर्क सरळ आहे का, त्याची टोकं घासून निळी पडलीत का ते स्वतः उभं राहून बघ. वाकडा फोर्क तसाच ठेवलास तर नवा गिअर पण काही महिन्यांत सुटायला लागेल. तोपर्यंत सेकंडमध्ये जोर लावू नकोस, तुटलेल्या डॉगचा तुकडा बाकीच्या गिअरमध्ये गेला तर खर्च कुठल्या कुठे जातो. आणि सुपर कॉरिडॉरवर रात्री हे प्रयोग करत असशील तर ते आजच थांबव, वळणावर सेकंड सुटला तर मागचं चाक एकदम मोकळं होतं.

आमची बुलेट जुनी, यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेलं इंजिन) यायच्या आधीची, उजव्या पायाला गिअर. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे फॉल्स न्यूट्रल फार लागतो, म्हणजे गिअर पडतच नाही, मधेच मोकळा राहतो. गिअरबॉक्स संपला का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

बहुधा नाही. हा चार गिअरचा अल्बियन ह्या जुन्या इंग्लिश कंपनीच्या पद्धतीचा बॉक्स, इंजिनपासून वेगळा, आणि तो हळू माणसाचा बॉक्स आहे, पाय मारून नाही तर दाबून गिअर टाकायचा आणि पेडल शेवटपर्यंत नेऊन मग सोडायचा. तुम्ही असंच करता आणि तरी होतंय, तर बाहेरचं कव्हर काढून आतली ॲडजस्टर प्लेट बघायला सांगा, तिचे बोल्ट ढिले करून ती किंचित फिरवली की वर आणि खाली दोन्हीकडे पेडलचा प्रवास सारखा करता येतो. तेवढ्याने पुष्कळ बुलेटा सुधारतात. क्लचचं ऑईल डावीकडे प्रायमरी केसमध्ये वेगळं असतं, ते लेव्हल प्लगपर्यंतच भरा, जास्त भरलं तर क्लच घसरतो, कमी असलं तर प्रायमरी चेन खराब होते.

खंडवा रोडला भेरूघाट उतरताना मी पेट्रोल वाचवायला क्लच दाबून गाडी सोडून देतो. क्लचला त्रास होतो का?
– एक वाचक, भंवरकुआं, इंदूर

प्लेटांना फार नाही, पण लिव्हर दाबलेला असतो तेवढा वेळ रिलीज बेअरिंग आणि पुशरॉडवर (लिव्हर दाबल्यावर प्लेटा सोडवणारे भाग) सतत दाब असतो, जुन्या गाडीत ते आधीच झिजलेले असतात. पण माझी खरी काळजी तुमच्या ब्रेकची आहे. जुन्या गाडीला ड्रम ब्रेक, उतार लांब, ड्रम तापला की ब्रेक लागतच नाही, आणि समोरून ट्रक. गिअरमध्येच उतरा. फक्त पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणारी टू-स्ट्रोक असेल तर रेस पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरू नका, कारण पेट्रोल बंद म्हणजे सिलिंडरला ऑईलही बंद, मधे मधे थोडी रेस देत राहा.

कडक रेसिंग स्प्रिंग टाकल्या तर क्लच घसरायचा थांबेल का?
– एक वाचक, देवास

प्लेटा, ऑईल, वायर सगळं ठीक असेल आणि इंजिनची ताकद वाढवली असेल तरच टाका. नाहीतर घसरण काही दिवस झाकली जाते, लिव्हर जड होतो, वायर तुटायला लागते आणि मनगट दुखतं ते वेगळंच.

नव्या क्लच प्लेटा कोरड्याच बसवतात की ऑईलमध्ये भिजवून?
– एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

भिजवून. गाडीत जे ऑईल भरणार त्यातच रात्रभर ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच काही किलोमीटरमध्ये वरचा थर जळू शकतो. मिस्त्रीला वेळ नसेल तर प्लेटा आदल्या दिवशी घेऊन घरीच भिजवा आणि डब्यासकट त्याच्याकडे न्या.