हाय प्रीस्टेस आली की घाई नको

टॅरोच्या पत्त्यांतल्या हाय प्रीस्टेसचा, म्हणजे मुख्य पुजारिणीच्या पानाचा, अर्थ 'अंतर्ज्ञान' एवढाच का, असं तुम्ही विचारलंत. पाठ करायला तेवढं पुरे. पण आधी पुस्तक मिटा आणि पाच मिनिटं नुसतं चित्र बघा. 1909 साली आलेल्या रायडर-वेट संचातलं, पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेलं हे दोन क्रमांकाचं पान. एक खांब काळा, एक पांढरा. त्यांवर बी आणि जे ही अक्षरं, म्हणजे बोअझ आणि याखीन, जेरुसलेममधल्या सॉलोमनच्या मंदिराचे खांब. ती दोन्हींच्या मधोमध बसलीय, कुठेही न झुकता. मागे डाळिंबांचा पडदा. त्याच्या कडेने नीट पाहा, पाणी दिसतं. मला ते दिसायला वर्ष लागलं! हातातली 'तोरा' (ज्यूंचा धर्मग्रंथ) लिहिलेली गुंडाळी अर्धी झग्यात झाकलेली, पायाशी चंद्रकोर. ज्ञान आहे, पण सगळं उघड केलेलं नाही.

(जुन्या मार्सेय संचात हीच बाई 'ला पापेस', म्हणजे चक्क स्त्री-पोप!)

म्हणून 'नोकरी सोडू का?' या प्रश्नाला हे पान आलं तर मी हो-नाही सांगतच नाही. उलट विचारते, 'अजून कुणाला बोलला नाहीत असं काय आहे मनात?' पुष्कळदा गाडी तिथूनच पुढे सरकते. मात्र जपून, भीतीलाही लोक आतला आवाज म्हणतात.

उलट्या पानांचं एवढ्यात मनावर घेऊ नका. आधी मेजर अर्कानाची, म्हणजे टॅरोतल्या मुख्य गटाची, बावीस पानं सुलटी ओळखीची होऊ देत.