आधी चूक लिहून घे

अगं,

तुझा मेसेज वाचला आणि थोडी चिडलेच. "मॅडम, मुलांच्या न्यूरोसायकॉलॉजीत जायचं तर सांगलीत राहून वर्षं वाया चाललीत का?" मेंदू आणि वागणं यांचा संबंध तपासणाऱ्या या शाखेबद्दलचा हा प्रश्न रास्त आहे. त्याखाली तू ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सच्या ज्या लिंका डकवल्यास, त्या पुसून टाक.

कागदपत्रांचं आधी उरकते. नुसत्या एम.ए.वर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून सही करता येत नाही. त्यासाठी लागणाऱ्या एम.फिल.चे प्रवेश यूजीसीने २०२५-२६ पर्यंतच चालू ठेवले होते, आता साय.डी.सारखे (सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) नवे अभ्यासक्रम आलेत. परीक्षा दे, जिथे जागा मिळेल तिथे जा. बेंगळुरू मिळालं तर कुणाला विचारत बसू नकोस. पण मुलांच्या न्यूरोसायकॉलॉजीचं वेगळं खातं आरसीआयकडे नाही. अमेरिकेत १९९७ साली ह्यूस्टनच्या परिषदेत ठरलं की न्यूरोसायकॉलॉजिस्ट व्हायचं तर डॉक्टरेटनंतर दोन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, हवी. आपल्याकडे ती रेसिडेन्सी ज्याची त्याने जमवायची असते. आणि ती सांगली-मिरजेत जमते, म्हणून लिहायला बसले.

आता तुझ्या परवाच्या रिपोर्टकडे येऊ. 'आयक्यू ७४, एकाग्रता कमी, फ्रंटल डिस्फंक्शनची शक्यता.' पोरगं सात वर्षांचं. फ्रंटल लोब, मेंदूचा पुढचा भाग, पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते, आणि तू त्याच्यावर सातव्या वर्षी ठपका ठेवून मोकळी! मी विचारलं, ते कुठे चुकलं, कसं चुकलं? तू पानं उलटलीस. पानांवर शून्य आणि एक, एवढंच. शून्याच्या शेजारी त्याने काय केलं याचा एक शब्द नाही. ठोकळे जुळवताना बाहेरची चौकट मोडली, की चौकट धरून आतला एकच ठोकळा उलटा बसला? चुकल्याचं त्याला कळलं का? कळून दुरुस्त केलं, की तुझ्या तोंडाकडे बघत बसलं? वेळ संपल्यावर जमलं का? अशा चार तऱ्हांनी चुकणाऱ्या चौघांचे गुण सारखे येतील. चौघं सारखी नसतील. चूक लिहून घे गं. तेवढंच तर मागते मी.

तुला एका मुलाचं सांगते. तिसरीतला, तासगावकडचा. शाळेचं म्हणणं, लक्ष नाही. घरचं म्हणणं, मुद्दाम करतंय. आकडे म्हणून दाखवायच्या चाचणीत मी आकडे सांगायचे, त्याने तसेच म्हणायचे. तो चार आकड्यांना चुकला आणि पाचाला बरोबर आला. पुन्हा चाराला चुकला. ज्याची स्मरणशक्ती तोकडी असते तो असा चुकत नाही. त्याला एका मर्यादेपर्यंत जमतं आणि पुढे जमेनासं होतं. म्हणून मी कागदावरून नजर काढून त्याच्याकडे बघायला लागले. शर्टाच्या बटणाशी त्याचा चाळा चालू होता. दोन आकडे म्हणाला आणि बोटं बटणावर थांबली. पापण्या बारीक फडफडल्या. मग बोटं पुन्हा फिरायला लागली आणि म्हणाला, "काय म्हणालासा?" मी चाचणी थांबवली, घड्याळातली वेळ लिहिली आणि आईला विचारलं, घरी असं होतं का? "मधनंच थांबतंय बघा. हाक मारली तरी ओ देत न्हाई."

बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी समोर कागदाची पट्टी धरून त्याला तीन मिनिटं जोरजोरात फुंकायला लावलं. तो तिथेही थांबला. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखात, सेकंदाला तीनच्या लयीतल्या लहरी आल्या. अ‍ॅब्सेन्स एपिलेप्सी, काही क्षण भान हरपणारी फिट. ना हातपाय झाडणं, ना तोंडाला फेस, म्हणून कुणाला फिट वाटलीच नव्हती. औषध सुरू झालं, थांबणं बंद झालं. गणित कच्चं होतं ते पुढेही कच्चंच राहिलं, वर्गात काय काय निसटून गेलं होतं कोण जाणे. आई मात्र माझ्यासमोर एवढंच बोलली, "लई मारलं की हो आम्ही त्याला." मी नुसती शून्यं मांडली असती, तर रिपोर्टात 'एकाग्रता कमी' असंच छापलं गेलं असतं. तुझ्यासारखंच.

राग आला ना? येऊ दे.

तू म्हणशील, मुलाच्या दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटला आयक्यूचा आकडाच लागतो. लागतोच, आणि नियमाप्रमाणे द्यायचा. पण तो कुठून आला हे लक्षात असू दे. बुद्ध्यांकाची बिने-कामत चाचणी कामतांनी १९३० च्या दशकात कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. मालिन यांनी नागपुरात वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप केलं, त्यालाही पन्नासच्या वर वर्षं झाली. जुन्या नॉर्म्सवर, म्हणजे तेव्हाच्या मुलांच्या सरासरीवर, आजच्या मुलांचे गुण फुगून येतात, हे जगभर दिसलंय. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, ५ ते १५ वयासाठी आहे आणि चांगली आहे, जरूर शीक. पण जतकडची मुलगी समोर बसली, घरात कन्नड आणि शाळेत मराठी, तर कुठली बॅटरी तुला वाचवणार? तिने कन्नडमध्ये बरोबर उत्तर दिलं आणि तू शून्य मांडलंस, तर ते शून्य तुझं.

ऊसतोडीवाल्यांच्या पोरांचंही तसंच. दिवाळी झाली की शाळा सुटते, फडावर कोपीत मुक्काम, कारखाना बंद झाला की परत. अशा पोराला वाचता येत नाही म्हणून एलडीचा (लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता) शिक्का मारायचा? त्याला शिकवलंय कुणी? आणि कुठल्याही पोराचे कान-डोळे तपासल्याशिवाय चाचणीची पेटी उघडायची नाही, हे तर किती वेळा सांगितलंय.

आता रेसिडेन्सी. पहिलं म्हणजे निरोगी मुलं बघ. अंगणवाडीत बस, जिल्हा परिषदेच्या पहिली-दुसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बस. सहा वर्षांचं धडधाकट पोर कसं चुकतं हे ठाऊक नसेल, तर आजारी पोराची चूक तुला कशी ओळखू येणार? अक्षर उलटं काढणं त्या वयात चालतं. घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत चालते. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर, तिथे पोरं अडखळणारच. (ऱ्हस्व-दीर्घावरून निदान करायचं म्हटलं तर अर्ध्या सांगलीला सर्टिफिकेट द्यावं लागेल. दुकानांच्या पाट्या बघ.) दुसरं, कमी वजनाची, काचेच्या पेटीत राहून आलेली बाळं जिथे पुन्हा तपासणीला येतात त्या ओपीडीत उभी राहा. दोन वर्षांचं असताना मेंदूज्वर होऊन गेलेलं पोर पहिलीत ठीक दिसतं आणि पाचवीत कोलमडतं, कारण स्वतः आखणी करून अभ्यास करायची वेळ तेव्हा येते. नुकसान आधीच झालेलं असतं, दिसतं उशिरा. हे कुठल्याही कोर्सात कळत नाही. त्यासाठी तेच पोर दरवर्षी बघावं लागतं, आणि गेल्या वर्षी ते कसं चुकलं होतं हे वहीत असावं लागतं.

लोक म्हणतात, मॅडम इथेच अडकल्या. अडकले नाही, राहिले. (सुरुवातीला सासूबाईंच्या आजारपणामुळे राहिले, तेही खरं.) माझ्याबरोबरीच्या बेंगळुरूला गेल्या, त्यांचे पेपर छापून आले. माझ्याकडे वह्या होत्या, नावं न घालता नुसत्या चुका लिहिलेल्या. २०१९ च्या पुरात खालच्या कप्प्यातल्या सगळ्यांचा लगदा झाला. ते अजून लागतं मनाला. पण मला सुपरव्हायजर कुणी नव्हतं गं. अडलं तर फोन करायलाही कुणी नव्हतं. त्या वह्याच मला शिकवत होत्या, आणि जे शिकले ते एखाद्या मोठ्या सेंटरमध्ये गर्दीत फॉर्म भरत राहिले असते तर शिकले नसते. असं मला वाटतं. तू जाऊन बघ आणि मला खोटं पाड, हरकत नाही.

गुरुवारी जतची ती मुलगी परत येतेय. तुझ्या होस्टेलवर कन्नड बोलणारी मैत्रीण असेल तर तिला घेऊन ये, पण आईची परवानगी आधी फोनवर मी घेते. जाड वही आण, उजव्या बाजूला रुंद समास सोडलेली. साडेनऊला ये, कारण मुलगी बसमधून उतरून आत येईपर्यंत कशी चालते, कुठल्या हाताने दार ढकलते, तेही लिहायचंय.

तुझी मॅडम