जेवून आलं की पुट्टीची स्क्रीन गोठलेली असते, लाइन बदलली तरी तेच. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जालन्याच्या एमआयडीसीतल्या गोदामातून हेड ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरला पुट्टीने (दूरच्या सर्व्हरवर टाइप करून काम करायची खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडणारा प्रोग्रॅम) जोडता, स्टॉक भरता, आणि जरा उठून आलं की स्क्रीन गोठलेली. ५० एमबीपीएसची लाइन १०० केली तरी फरक नाही.

फरक पडणारच नव्हता. टर्मिनलला डेटा लागतो कितीसा? एक अक्षर दाबलं की एक चिमुकलं पॅकेट जातं, एक येतं. तेवढ्याला २ एमबीपीएससुद्धा पुष्कळ.

मी लातूरला डाळ मिल आणि मोंढ्यातल्या आडतींच्या नेटवर्कची कामं करतो. एका मिलच्या वजनकाट्यावर मी हाच त्रास भोगलाय. केबल बदलली, स्विच बदलला, शेवटी कॉम्प्युटरही बदलला. केबिनमधले काका नुसते बघत होते. एक दिवस म्हणाले, "सायेब, ही मशीन लई आळशी हाय. काम नसलं की झोपती." मी हसलो, आणि घरी येताना गाडीवर डोक्यात प्रकाश पडला. सोयाबीनच्या सीझनला, गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली असायची तेव्हा, एकही तक्रार नव्हती. सगळ्या तक्रारी मंदीतल्या.

दुसऱ्या दिवशी काकांना वही दिली. कधी बंद पडलं ते लिहू नका, त्याआधीची शेवटची गाडी कधी काटा झाली तेवढं लिहा, म्हणालो. आठवडाभराची वही पाहिली. दोन गाड्यांत पाऊण तास गेला तर सेशन, म्हणजे सर्व्हरशी चालू असलेली जोडणी, जिवंत, सव्वा तास गेला तर मेलेलं. मध्ये कुठेतरी १ तासाची रेघ होती, आणि ती होती फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या दारावर येणं-जाणं तपासणाऱ्या यंत्रात.

होतं असं. फायरवॉल किंवा राउटर प्रत्येक कनेक्शनची एक नोंद ठेवतो. ठरलेल्या वेळात त्या कनेक्शनवरून काहीच गेलं-आलं नाही, तर नोंद पुसतो. बरं, हे तो सहसा कुणालाच सांगत नाही. पुट्टीला वाटतं आपण जोडलेलो आहोत, सर्व्हरलाही तसंच वाटतं. तुम्ही एंटर दाबता, फायरवॉल म्हणतो हे कोण, आणि पॅकेट टाकून देतो. ब्राउझरला हा त्रास जाणवत नाही, कारण गरज पडली की तो गुपचूप नवीन कनेक्शन उघडतो. टर्मिनल मात्र सकाळी जोडलेलं एकच कनेक्शन संध्याकाळपर्यंत धरून बसतं.

टीसीपीची, म्हणजे ही कनेक्शनं ज्या नियमांनी चालतात त्यांची, स्वतःची 'जिवंत आहेस का' अशी हाक असते, पण ती चालू असली तरी विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मूळ सेटिंगप्रमाणे २ तासांनी जाते. म्हणूनच २००८च्या आरएफसी ५३८२ने (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) सांगितलंय की नॅट करणाऱ्या, म्हणजे आतल्या मशीनचे पत्ते बदलून बाहेर पाठवणाऱ्या, यंत्राने चालू कनेक्शनची नोंद २ तास ४ मिनिटांच्या आत पुसू नये. प्रत्यक्षात बऱ्याच फायरवॉलमध्ये मूळ मुदत १ तासाची असते, स्वस्तातल्या राउटरमध्ये त्याहून कमी.

उपाय फुकटचा आहे. पुट्टी उघडा, तुमचं सेव्ह केलेलं सेशन लोड करा, डावीकडे 'कनेक्शन'वर जा. तिथे कीपअलाइव्हच्या, म्हणजे जोडणी जागी ठेवायला अधूनमधून जाणाऱ्या हाकेच्या, सेकंदांचा रकाना आहे, त्यात ० असेल. ६० टाका. मग परत 'सेशन'वर येऊन सेव्ह दाबा. हे शेवटचं विसरलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य, आणि लोक म्हणतात उपाय चालत नाही. पन्नास मशीन असतील तर हेड ऑफिसला सांगून सर्व्हरच्या एसएसएच (पुट्टी ज्या सुरक्षित पद्धतीने जोडतं ती) सेटिंगमध्ये 'क्लायंटअलाइव्हइंटरव्हल' ६० करून घ्या, एका जागी काम होतं.

दुसऱ्या खिडकीत पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघायची कमांड) चालू ठेवून लाइन 'गरम' ठेवायचा प्रकार करू नका. मी केलाय, उपयोग नाही. पिंगची नोंद वेगळी, तुमच्या सेशनची वेगळी. निदानासाठी मात्र पिंग चांगला: सेशन मेलं त्या वेळी पिंग व्यवस्थित चालू असेल, तर लाइनवाल्याशी भांडू नका.

आता, तुमचं दुखणं हे नसेलही. काम चालू असतानाच, मोठा रिपोर्ट काढला की अडकत असेल, तर पॅकेटच्या आकाराकडे बघा. पीपीपीओई लाइनवर (जिथे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून लाइन जोडतात) १५०० ऐवजी १४९२ बाइटच मावतात. विंडोजवर पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४७२ जात नाही पण १४६४ जातं (वरचे २८ बाइट पॅकेटच्या पत्त्याबित्त्याला लागतात), असं दिसलं तर राउटरमध्ये एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, १४५२ करा. दोन कंपन्यांच्या लाइन एकाच राउटरला जोडल्या असतील तर सर्व्हरकडची वाट एकाच लाइनवर बांधा, नाहीतर लाइन बदलली की सेशन गेलंच. स्क्रीनवर 'ऑटो-लॉगआउट' असं लिहून येत असेल तर सर्व्हरनेच तुम्हाला बाहेर काढलंय. तिथे कीपअलाइव्ह चालत नाही, कारण सर्व्हर बोटांची वाट बघत असतो. तो बहुधा सुरक्षेचा नियम असतो, त्याबद्दल हेड ऑफिसशीच बोला. आणि लाइट गेल्यावरच होत असेल, तर टेबलाखालचा छोटा स्विच यूपीएसवर आहे का ते आधी वाकून बघा. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि स्विच भिंतीतल्या प्लगवर, हे मी किती ठिकाणी पाहिलंय ते विचारू नका.

एक राहिलंच. सेशन गोठलं म्हणून खिडकी बंद करून नवीन उघडली, तरी जुनं सर्व्हरवर तसंच जागं असू शकतं. मग 'ही नोंद दुसरा कुणी वापरतोय' असा निरोप येतो आणि तो दुसरा म्हणजे तुम्हीच असता. सर्व्हरवर 'हू' (who) कमांड दिली की तुमचं नाव दोनदा दिसेल. जुनं कुणाकडून तरी बंद करून घ्या, मगच स्टॉकला हात लावा.