वाचकांचे प्रश्न : मुलांचा पेहराव, घरची माणसे आणि मोबाइल

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची असून दहावीत आहे. गणपतीसाठी मी आणलेला ड्रेस ती गेल्या वर्षापर्यंत मुकाट्याने घालत असे. यंदा मात्र मुंबईहून आलेल्या सगळ्या मंडळींसमोर, ऐन आरतीच्या वेळी, ती आखूड टॉप आणि ढगळ कार्गो पॅण्ट घालून उभी राहिली. मोठ्या जाऊबाई सर्वांदेखत बोलल्या, सासूबाईंनी मला बोल लावला आणि मुलगी रात्री जेवायलाही आली नाही. हे सारे इन्स्टाग्रामचे खूळ आहे, असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. मोबाइल काढून घ्यावा का?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : ताई, मोबाइल काढून घेऊ नये. दहावीच्या क्लासच्या सूचना आणि नोट्स आता त्याच मोबाइलवर येतात आणि जे आपण बंद कराल ते मैत्रिणीच्या मोबाइलवर दिसतच राहील. फरक इतकाच की ती काय पाहते, हे आपल्याला कळेनासे होईल.

तिच्या वडिलांच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने येथे रील्स सुरू केल्या, तेव्हा आपली मुलगी प्राथमिक शाळेत असेल. म्हणजे स्वतःच्या कपड्यांविषयी मत होऊ लागले त्या वयापासून तिच्या भोवती हेच आहे. कोणत्या चित्रफितीवर बोट थांबले, कोणती शेवटपर्यंत पाहिली, याची नोंद ठेवून तशाच आणखी चित्रफिती पुढे केल्या जातात. त्यामुळे वर्गातल्या चार मुलींकडे असलेली पॅण्ट सगळ्या जगाकडे आहे आणि आपल्याकडेच नाही, असे वाडीत बसलेल्या मुलीला मनापासून वाटते. त्यातल्या कित्येक चित्रफिती या जाहिरातीच असतात. मोबदला किंवा फुकट कपडे घेऊन केलेल्या चित्रफितीवर तसे स्पष्ट लिहावे, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१ पासून आहे. एखाद्या संध्याकाळी तिच्याशेजारी बसून ही सूचना कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही, ते दोघींनी मिळून शोधावे. उपदेशापेक्षा हा खेळ मुलींना लवकर पटतो.

तरीही सगळा दोष मोबाइलच्या माथी मारणे मला मान्य नाही. दहा-बारा वर्षांपर्यंत मुलीचे कपडे आईच निवडते, पुढच्या वर्षी होईल म्हणून दोन बोटे मोठे घेते, आणि त्याच वेळी ‘हिच्या रंगाला हे खुलत नाही’, ‘जरा बारीक दिसेल असे काढा’ ही वाक्ये दुकानदारासमोर मुलीच्या कानावर पडत असतात. आपल्या शरीराकडे दुसऱ्याच्या नजरेने पाहण्याचा पहिला धडा तिला घरातच मिळतो. शिवाय नवरात्रात वर्तमानपत्राने आणि व्हॉट्सॲपने सांगितलेला दिवसाचा रंग पाहून साड्या काढणाऱ्या, फेसबुकच्या थेट विक्रीतून साडी मागवणाऱ्या आणि फोटोसाठी सगळ्या जावांनी एकाच रंगात यावे असा आग्रह धरणाऱ्या आपणच आहोत. चारचौघींसारखे दिसण्याची हौस आपल्याला शोभते आणि मुलीला शोभत नाही, हे तिला कसे पटावे?

कोकणाला तर हे मुळीच नवे नाही. बेलबॉटम आणि टेरिकॉटचे शर्ट गावात आले ते चाकरमान्यांच्या अंगावरूनच, आणि तेव्हाही घरच्या वडीलधाऱ्यांनी कपाळाला हात लावला होता. त्या आरतीत आपल्या मुलीच्या मनात इन्स्टाग्रामवरचे अनोळखी लोक होते, की मुंबईहून आलेल्या तिच्या चुलतबहिणी, याचा विचार करावा; मला दुसरी शक्यता अधिक वाटते. या वयात सगळे जण आपल्याकडेच पाहत आहेत, असे मुलांना सतत भासत असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्येच ते मांडले होते. अशा मुलीला भरल्या घरात, सगळे खरोखरच पाहत असताना, टोकले गेले. तिने जेवण टाकले ते टॉपसाठी नव्हे, त्या अपमानासाठी.

म्हणून पहिले काम जाऊबाईंशी बोलण्याचे आहे. ‘तिच्या कपड्यांविषयी काही वाटले तर मला बाजूला घेऊन सांगा, तिला चारचौघांत बोलू नका’, एवढे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. सासूबाईंच्या बाबतीत हे काम आपल्या यजमानांनी करावे. सुनेने केले तर नवाच वाद उभा राहील.

मुलीला मात्र मोकळीक आणि मर्यादा दोन्ही हव्यात. देवासमोर आणि शाळेत काय घालायचे, हे घर ठरवील. बाकी ठिकाणी तिने ठरवावे. वर्षाच्या कपड्यांची रक्कम आंब्याचे पैसे आले की एकदाच तिच्या हाती द्यावी आणि त्यातच भागवायला सांगावे. पहिल्या वर्षी दोन-तीन खरेद्या फसतील, त्या फसू द्याव्यात. आतल्या शिवणीवरची पट्टी वाचायला मात्र शिकवावे, कारण फोटोत सुती भासणारे कापड पुष्कळदा पॉलिस्टर निघते आणि आपल्या दमट हवेत ते अंगाला चिकटते. उलट सहा खिशांची जाड सुती कार्गो श्रावणात दोन-दोन दिवस वाळत नाही. आईचा शब्द मुली अजून मानतात तो अशाच बाबतीत, ‘शोभते की नाही’ या बाबतीत नव्हे. इन्स्टाग्रामवर तिचे वय खरे टाकलेले आहे ना, तेही पाहावे. १६ वर्षांखालील मुलांची खाती आपोआप खासगी राहतात आणि ते बदलायला पालकांची परवानगी लागते, पण वय खोटे असेल तर हे संरक्षण मिळत नाही.

प्रश्न : मी १६ वर्षांचा आहे. सुट्टीत बागेत काम करून मिळालेल्या पैशांतून मी ढगळ जीन्स घेतली. बाबा म्हणतात, मी वाया गेलो. काय करू?
— एक विद्यार्थी, गुहागर

उत्तर : पैसे तुझ्या कष्टाचे आहेत, तेव्हा जीन्स परत करण्याचे कारण नाही. बाबांना बहुधा कपड्याची नव्हे, तू कोणाच्या संगतीत आहेस याची काळजी वाटते. मित्रांना एकदा घरी बोलाव, बाबांशी त्यांची ओळख करून दे. आणि जीन्सची उंची शिंप्याकडून चार बोटे कमी करून घे. पावसात ती चिखलात लोळेल आणि सायकलच्या साखळीत अडकली तर बाबांचेच म्हणणे खरे ठरेल.