पुण्याचं कॉम्प्युटर की कराडचं सिव्हिल?

नमस्कार ताई,

आम्ही कोरेगाव तालुक्यातले. चार एकर शेती, त्यात आलं आणि घेवडा. थोरल्या मुलीला सीईटीत चांगले गुण पडले आणि कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, पहिल्या फेरीत ईडब्ल्यूएसमधून (आर्थिक दुर्बल घटकातून) कराडच्या सरकारी कॉलेजात सिव्हिल लागलं. यादीतला तिसरा पसंतीक्रम होता. पण ह्यांच्या डोक्यात पुणं बसलंय. तिथल्या एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, कॉम्प्युटर मिळतंय. फी वर्षाला साडेतीन लाख, राहण्या-जेवणाचे दीड लाख वेगळे. थोरल्या दिरांचा मुलगा पुण्यातच शिकतो. हे म्हणतात, ‘सिव्हिल काय पोरींचं काम आहे का? रस्त्याकडेचं एकर काढू, पण पोरगी पुण्यालाच जाईल.’ मी काही बोलले की, ‘तुला त्यातलं काय कळतंय?’ मुलगी म्हणते, ‘तुम्ही ठरवाल ते.’ तिचा ओढा सिव्हिलकडे आहे असं मला वाटतं. गेल्या वर्षी दिरांच्या घराचं काम चालू होतं, तर ही रोज संध्याकाळी तिथं. एकदा गवंड्याचा ओळंबा मागून घेतला आणि दाराची चौकट दोन सूत झुकलीय म्हणाली. त्यानं बघितलं, तर खरंच झुकली होती. मी काय करू?

– एक आई

नमस्कार,

तुमच्या पत्रात फीचे सगळे आकडे आहेत, पण एक आकडा नाही. तो बहुधा घरात कुणालाच माहीत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. निम्मं नाही, पूर्ण. अट एकच, पण मोठी: प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. अभिमत (डीम्ड) विद्यापीठात घेतला तरी गेली.

म्हणजे तुमच्या घरात जो वाद चाललाय, सरकारी का खासगी, कराड का पुणं, तो मुळात तसा नाहीच. कॅपमधून पुण्याचं खासगी कॉलेज लागलं असतं तरी ही सवलत मिळाली असती. तुमचे मालक साडेतीन लाख मोजायला निघालेत ते पुण्यासाठी नव्हे, कोट्यासाठी.

आता हिशेब मांडा. पुण्याचे वर्षाला पाच लाख, चार वर्षांचे वीस, आणि तेही फी वाढली नाही तर. कराडला शिक्षण शुल्क माफ. उरतं ते विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, पुस्तकं. ही रक्कम कॉलेजच्या कार्यालयातून कागदावर लिहून आणा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. वसतिगृहात जागा नक्की आहे का, हेही त्याच खिडकीवर विचारा. कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहाची खोली मिळालीच, असं नसतं.

मालक म्हणतील, जमीन नको तर कर्ज काढू. दहा लाखांचं शैक्षणिक कर्ज दहा टक्क्यांनी घेऊन दहा वर्षांत फेडायचं म्हटलं, तर महिन्याला सव्वातेरा हजारांच्या आसपास हप्ता बसतो आणि एकूण जवळजवळ सोळा लाख भरावे लागतात. शिवाय शिकत असतानाचं व्याज चढत राहतं ते वेगळं. हा हप्ता बाविसाव्या वर्षी पोरीच्या पहिल्या पगारातून जाणार. आणि रस्त्याकडेचं एकर एकदा गेलं की पुढं आल्याला कितीही भाव लागो, ते परत येत नाही. आल्याचं तर तुम्हाला मी काय सांगावं! एका वर्षी दारात ट्रॅक्टर उभा करतं, पुढच्या वर्षी बेण्याचे पैसेही निघत नाहीत. अशा उत्पन्नावर चार वर्षांची ठरलेली देणी अंगावर घेणं मला तरी धाडसाचं वाटतं. तुम्ही तिला थोरली म्हणता, म्हणजे मागं धाकटं कुणीतरी आहेच.

अजून एक. कोट्याच्या प्रवेशात कुणी फीशिवाय ‘वरचे’ मागितले, पावती देणार नाही म्हणाले, तर तिथूनच माघारी फिरा. डोनेशन घेणं १९८७ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे.

पैशाचं झालं. आता त्या चौकटीकडे येते, कारण तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते तिच्यासाठी. बारावीच्या वर्षाच्या तोंडावर असलेली पोरगी मोबाइल सोडून बांधकामावर जाते, गवंड्याच्या हातातून ओळंबा मागून घेते आणि दोन सुतांचा फरक पकडते. दोन सूत म्हणजे पाव इंच. घरातल्या बाकी कुणाला तो दिसला होता का? कोणत्या शाखेला किती पॅकेज, हे सांगणारे गावात दहा भेटतील. आपल्या मुलीचा डोळा कुठे लागतो हे तुम्ही बघितलंय. ‘तुला त्यातलं काय कळतंय’ याला हेच उत्तर आहे, फक्त ते भांडणात देऊ नका.

सिव्हिल हे पोरींचं काम नाही, असं मालक म्हणतात. शकुंतला भगत यांनी १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनीअरिंग कॉलेजातून सिव्हिलची पदवी घेतली. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पतीने मिळून पूल बांधायची ‘क्वाड्रिकॉन’ नावाची पद्धत काढली, आणि त्या पद्धतीचा पहिला पूल १९७२ साली हिमाचलातल्या स्पितीत उभा राहिला. त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली. आणि सिव्हिल म्हणजे उन्हात उभं राहून मजूर हाकणं एवढंच नसतं. आराखडे, मोजणी, अंदाजपत्रकं, पाणीपुरवठा, पाटबंधारे हे सगळं त्यातच येतं. कोयनेचं धरण ज्या भागात आहे तिथल्या माणसाला हे मी सांगायला नको.

खोटी आशा मात्र दाखवत नाही. सुरुवातीचा पगार बऱ्याचदा कॉम्प्युटरवाल्यांचा जास्त असतो. सिव्हिलमध्ये खासगी नोकरीत सुरुवातीची वर्षं साइटवर घासावी लागतात, आणि सरकारी नोकरी हवी तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आलाच. हे तिला आधीच माहीत असू द्या. कॉम्प्युटरची गर्दीही काही कमी नाही, आणि मन नसताना घेतलेली शाखा दुसऱ्या वर्षापासून विषयांत नापास व्हायला लावते.

आता मालकांचं. थोरल्या भावाचा मुलगा पुण्यात आहे, मग आपली पोरगी कराडला का, ही सल त्यांच्या बोलण्यात असावी असं मला वाटतं. ती वाईट नाही. भावकीत सगळ्यांनाच ती असते, आणि पोरीसाठी जमीन विकायला निघालेल्या बापाला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण ही सल तुमच्या बोलण्याने जाणार नाही. म्हणून तुम्ही घरी थांबा आणि बाप-लेकीला कराडला पाठवा. कोरेगावातून रेल्वेने रहिमतपूर, मसूर करत जाता येतं. सुट्टीचा वार नको. कॉलेज १९६० सालचं आहे, इमारती बघून ते भारावणार नाहीत. त्यांनी सिव्हिलच्या प्रयोगशाळेत जावं, मेसमध्ये जेवावं. आणि मुलीने तिसऱ्या वर्षाच्या दोघी-तिघींना गाठून विचारावं: वर्गात मुली किती, साइटवर नेतात का, गेल्या वर्षी कोणत्या कंपन्या आल्या, वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं. त्या वेळी वडिलांनी थोडं लांब उभं राहावं. पुण्याच्या कॉलेजातही तसंच जाऊन यावं, म्हणजे त्यांना अन्याय झाला असं वाटणार नाही.

‘तुम्ही ठरवाल ते’ हे तिचं उत्तर मी धरत नाही. तिला तुमचा जमाखर्च पाठ असणार, आल्याची पट्टी किती आली तेही. रस्त्याकडचं एकर काढायची भाषा घरात चालू असताना ती दुसरं काय म्हणेल? आधी जमिनीचा विषय मिटवा, मालकांकडूनच मिटवून घ्या. मग विचारा. आणि सगळ्यांसमोर नको, चुलीपाशी दोघीच असताना.

तिसरा पसंतीक्रम होता म्हणता. मग पहिले दोन कोणते होते आणि ते कुणी लिहिले होते? फॉर्म नेट कॅफेत भरला गेला असेल आणि शेजारी दिरांचा मुलगा बसला असेल, तर ते दोन तिचे नसतीलही. खरोखर तिचेच असतील तर बेटरमेंट घेऊन, म्हणजे ही जागा हातात ठेवून वरच्या पर्यायासाठी, पुढच्या फेरीत जाता येईल. पण वरचा पर्याय लागला की कराडची जागा आपोआप हातची जाते, मागाहून परत मिळत नाही. त्यामुळे कराडपेक्षा जे तिला नक्की हवं आहे तेवढंच वर ठेवायचं. वर ठेवण्यासारखं काहीच नसेल तर जागा फ्रीझ करायची, म्हणजे हीच कायम धरायची.

आणि सगळं झाल्यावर ती म्हणाली की मला कॉम्प्युटरच हवंय, चौकट काय, सहज बघितली होती, तर तेही ऐका. मग कॅपच्या पुढच्या फेरीसाठी सातारा, सांगली, पुण्याची कॉम्प्युटरची कॉलेजं यादीत वर घ्या. फी माफी तिथेही आहे, जमिनीला हात लावावा लागणार नाही.

तोवर तीन कामं अडवून ठेवू नका. मुदतीच्या आत हजार रुपये भरून कराडची जागा स्वीकारा, नाहीतर बोलायला जागाच उरणार नाही. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढा, या दिवसांत तिथं रांग असते. मुलीचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बघा, कारण फी माफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा आहे, आणि तो पुढेही दरवर्षी भरावा लागेल.

– तुमची ताई